दातानं गोल केलेला छर्रा

दिवाळी सरली, निर्मळला जत्रेचे बांबू उभे राहिले, की माझ्या तोंडाला शिशाची चव येते. खरंच येते. जिभेच्या मागं, दाढांच्या कडेला. कडू नाय, खारट नाय. जुन्या नळाचं पानी तोंडात धरून ठेवलं तर कसं लागेल, तशी. मी चूळ भरते, परत भरते, जात नाय. वर्सभर ही चव कुठं जाऊन बसते कोन जाने. तळ्याकडच्या रस्त्याला सुकेळीवाल्या बायका बसल्या, त्या सुकवलेल्या केळ्यांचा गोड वास सुटला, की बाकीच्यांच्या तोंडाला पानी सुटतं. मला थुंकावंसं वाटतं.

लोकांना जत्रा आवडते. मला तिची किळस येते, आनि पोट तिच्यावरच भरलं. फुगे आनि बंदूक घेऊन मी लग्न झाल्यापासनं जत्रेत उभी हाय. निर्मळ झालं की डिसेंबरात ख्रिस्ती गावांतले सन, मग गावोगावच्या देवींच्या जत्रा. पावसात चिंचोटीच्या धबधब्याच्या वाटेवर पन दोन वर्सं स्टॉल लावून बघितला. तिथं मानसं नावाला आंघोळीला येतात. बाटल्या फोडतात, झऱ्यातच मुततात, आनि त्याच पान्यात खाली दुसरे तोंड धुतात. दोन वर्सांत मी तिकडचं नाव टाकलं.

समोरनं बघनाऱ्याला फुगे दिसतात, लाल, पिवळे, निळे. मागनं काय दिसतं ते मला विचारा. आमचा पडदा ओला करून जानारे गडी. कालच्या काळ्या तेलात आज तळलेली भजी. पाळन्यातनं उतरून आमच्याच बांबूला धरून ओकनारे. आनि बंदूक तर विचारूच नका. दिवसभर ती शंभर हातांतनं जाते. कुनाच्या हाताला भज्याचं तेल, कुनाच्या हाताला तंबाखू. दस्त्याला गालांचा घाम, पावडर, मिश्रीचे डाग. काहीजन छर्रा जिभेवर ओला करून नळीत घालतात, म्हनं सरळ जातो. तीच नळी मग मला पुसायची. नेम चुकला की हसत हसत म्हनतात, "मावशी, नळी वाकडी हाय तुझी."

"नळी सरळ हाय बाबा. तुला बाटली वाकडी लागली."

मग बाकीचे हसतात नि तो गप पैसे ठेवतो. असं बोलायला मला कोनी शिकवलं नाय. बाई एकटी बंदूक घेऊन उभी राहिली की तिला बोलता येतं.

आता मी उभी राहत नाय. गुडघे गेले. स्टॉल माझी सून सारिका बघते. नालासोपाऱ्याची पोर, बारावी शिकलेली, कामाला वाघ. दिनेश, माझा मुलगा, सातिवलीला प्लास्टिकच्या कारखान्यात हाय. जत्रेपुरती सुट्टी काढतो नि फुगे फुगवतो. मी मागं स्टुलावर बसून फुग्यांना दोरा बांधते.

यंदा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती. सारिका फुग्यांच्या फळीखाली वाकून काय वेचत होती. मला वाटलं सुट्टे पैसे पडले असतील. बघते तर खाली पडलेले छर्रे. फळीच्या मागं आम्ही जुनी गोधडी लोंबती सोडतो. छर्रा तिच्यावर आदळून खाली पडतो, चपटा होत नाय, जरा दबतो एवढंच. ती एकेक उचलायची, पकडीच्या टोकात धरायची, दाबून दाबून गोल करायची, नि नव्या छर्‍यांच्या डबीत टाकायची.

"कोनी शिकवलं तुला हे?"

"ह्यांनीच सांगितलं. म्हणाले आई करायची. तुम्ही तर म्हणे दातांनी करायच्या." ती हसली. "मी बाई पक्कड घेतली."

मी चूळ भरायला उठले.

मी दातानं करायची, हे खरं. त्या काळी पक्कड घरात होती, पन दाताला लवकर कळतं. छर्रा कुठं दबलाय ते जिभेनं चाचपायचं, सुळ्याखाली धरायचा, हलकेच दाबायचा, फिरवायचा, परत दाबायचा. तोंडात पाच-सहा असायचे, शेंगदाने असावेत तसे. बोलता बोलता करायची. जीभ संध्याकाळी राखेच्या रंगाची व्हायची. दिनेश लहान होता, माझी जीभ बघून हसायचा. शंभर जनांच्या पायाखालच्या मातीतनं उचललेलं शिसं मी पदराला पुसून तोंडात घालायची आनि मला काय वाटायचं नाय.

माझा नवरा काशिनाथ नको म्हनायचा. "जुना छर्रा जुना तो जुना. तू कितीबी गोल कर, नळीला कळतं." बंदुकीतलं त्याला समजायचं. पन घरात मी चार घास मोजून वाढनारी, मला वाटायचं ह्याला काय जातंय बोलायला. त्याच्यासमोर करायची बंद झाले. पाठीमागं करायची, नि नव्यांच्या डबीत तळाला मिसळून ठेवायची.

मग एका वर्सी कार्तिकी एकादशी. त्याचा उपास होता. सकाळपासनं राजगिऱ्याचा एक लाडू नि चहा. दुपारचं ऊन फळीवर आलं होतं, फुगे उन्हानं आपोआप फुटत होते, नि तो वैतागून गोनपाट बांधत होता. पहिलं गिऱ्हाईक आलं. त्यानं नेम धरला, चाप ओढला, आनि बंदूक नुसती फुस्स झाली. फुगा फुटला नाय, छर्रा बाहेर पडला नाय.

आमच्या बंदुकीला मधनं मोडायची म्हनतात. नळी खाली दाबली की ती बिजागरीवर वाकते, आतली स्प्रिंग तानली जाते, मागनं छर्रा घालायची जागा उघडी पडते. मग सरळ केली की मारायला तयार. माझ्या नवऱ्यानं ती मोडली, परत सरळ केली. नवा छर्रा घातला नाय. त्याला वाटलं नुसत्या हवेच्या धक्क्यानं अडकलेला निघून जाईल. आनि मग चाप ओढायच्या आधी, कसला विचार आला देव जाने, दस्ता जमिनीला टेकवला, बंदूक फुग्यांच्या फळीला लावली नि नळीच्या तोंडातनं आत बघायला वाकला. चापाभोवतीचं कडं कधीच तुटून गेलं होतं. फळीला फुग्याच्या दोऱ्यांसाठी खिळे मारलेले. त्यातल्या एका खिळ्यात चाप अडकला.

आवाज एवढासा झाला. फुगा फुटतो त्याच्याहून बारीक.

शेजारी बाळूचा पाळना होता. तो धावत आला. "वैनी, बाजूला व्हा." त्याच्या कमरेला क्वार्टर असायची. जखमेला दारू लागली की पिकत नाय, असं आमच्यात सगळेच मानतात. त्यानं बाटली उघडली नि अख्खी ह्याच्या डोळ्यावर ओतली. मी त्याचं डोकं धरलं होतं. माझ्या हातावरनं दारू नि रक्त एकत्र वाहिलं. तो वास मी अजून विसरले नाय. माझा मानूस ओरडला नाय, नुसते पाय घासत होता.

टेम्पोतनं दवाखान्यात नेला तर आधी सगळ्यांच्या नाकाला दारू लागली. शर्ट भिजलेला, केस भिजलेले. तिथल्या एका बाईनं तोंड फिरवलं. "पिऊन बंदुकी हातात घेता, आणि मग येता आमच्याकडे." तो म्हनाला, "मी घेतली नाय." ऐकतं कोन. एरवी सनावारी घेनारा गडी, हे गावाला ठाऊक. आनि बरोबर बाळू, तोही थोडा झिंगलेला.

डोळा काढला. दुसऱ्या दिवशी मला स्टीलच्या ताटलीत कापसावर तो छर्रा दाखवला. "न्यायचाय का?" म्हनून विचारलं. एका बाजूनं दबलेला, नि त्याच्यावर बारीक तिरकी खाच. माझा एक सुळा जन्मापासनं वाकडा हाय. त्याच्याशिवाय तशी खाच कशानं पडत नाय. मी छर्रा कापसात गुंडाळला, दवाखान्याच्या संडासात गेले नि पान्यानं सोडून दिला. तिथली घान, तो पिवळा पडलेला डबा, सगळं मला लख्ख आठवतं. पन घान तिथं नव्हती.

तो हंगाम मी एकटीनं काढला. वसईतल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला बंदुकीचं कळायचं. त्याच्याकडं जाऊन बसले, म्हटलं, अडकलेला छर्रा कसा काढायचा ते शिकवा. त्यानं तीनदा माझ्याकडनं करून घेतलं. आधी शिकून घेतलं असतं तर, असं मनात आनलं नाय. आधी दाताखाली घातला नसता तर, तेवढंच आनलं. त्यानंतर जुना छर्रा परत वापरला नाय. गोधडीखालचे सगळे भंगारात द्यायची.

पन बोलले नाय. तेवढं एक केलं नाय.

गावात झालं, जत्रेत झालं. काशिनाथनं पिऊन डोळा घालवला. बांगडीवाली म्हनायची, भजीवाला म्हनायचा. आमच्या स्टॉलचं नावच पडलं, बेवड्याचा स्टॉल. "कुठं उभा हायेस?" "बेवड्याच्या स्टॉलपाशी ये." माझ्यासमोर म्हनायचे, वाईट मनात नसायचं त्यांच्या. पहिलं वर्स तो सगळ्यांना सांगत फिरला, एकादशी होती, मी उपाशी होतो, बाळूनं ओतली. लोक मान हलवायचे नि डोळा मिचकवायचे. बाळू पन हसायचा. एका संध्याकाळी माझा नवरा घरी येऊन ओट्यावर बसला नि मला म्हनाला, "तू तरी सांग त्यांना. तू होतीस ना."

मी म्हटलं, "लोकांचं काय मनावर घेताय."

एवढंच मागितलं होतं त्यानं माझ्याकडं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. प्यायला नव्हता, तर मग छर्रा अडकला कशानं, असं कोनीतरी विचारलंच असतं. बेवड्याची बायको म्हनून मला चार घरांतनं भाजी-भाकर यायची, कौतुक व्हायचं, बिचारी किती सोसते. ते कौतुक मी खाल्लं. शिसं खाल्लं तसंच.

मग तो सांगायचा थांबला. दिनेश मोठा झाला तो हेच ऐकत. शाळेत चिडवायचे त्याला. मोठा झाल्यावर स्टॉल हातात घेतला नि बापाला बंदुकीला हात लावू देईना. जत्रेत बापाची खुर्ची मागं, पडद्याच्या आड. जिथं लोक मुतायला येतात तिथं. एका डोळ्यानं तो पडद्याच्या फटीतनं फुगे बघत बसायचा. मी चहा नेऊन द्यायची. जाऊन आठ वर्सं झाली त्याला. कधी मला वाकडं बोलला नाय. बोलला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं, नि पुढं सारिकाची गर्दी वाढत होती. चार वाजले असतील. कॉलेजची पोरं आली, एकजन मोबाईल धरून शूटिंग करत होता. त्याच्या दोस्तानं चाप ओढला. फुस्स.

मी दोरा टाकला.

"अडकला वाटतं," सारिका म्हनाली. तिनं बंदूक त्याच्या हातातनं घेतली, नळीचं तोंड स्वतःकडं वळवलं नि फुंकर मारायला ओठ जवळ नेले. जत्रेतले सगळे असंच करतात. शंभर जनांच्या थुंकीवर तोंड लावतात.

मी कशी उठले मला ठाऊक नाय. तिचं मनगट धरलं. "तोंड खाली. बंदुकीचं तोंड जमिनीकडं कर आधी."

"आई, रिकामी आहे हो."

"रिकामी असती तर अडकली असती का? चापावरचं बोट काढ."

पोरं हसली. "आज्जी मिलिट्रीत होती वाटतं."

"मागं व्हा रे सगळे. मोबाईल घेऊन मागं हो. तिकडं पडद्याकडं पन कोन जाऊ नका." मी दिनेशला वाळूची गोनी ओढायला लावली. नळीचं तोंड तिकडं केलं. "आता ऐक. दुसरा छर्रा घालायचा नाय. परत हवा मारून बघायची नाय. पुढला निघत नाय, तर मागनं दुसऱ्यानं ढकलला म्हनून निघेल असं नाय. दोन अडकतील, नाय तर भलत्या वेळी सुटेल."

"मग काय करायचं?"

"मोड. पूर्न मोड, टक आवाज येईपर्यंत. आनि नळी सोडायची नाय, घट्ट धरून ठेव. सुटली तर दारासारखी मिटते, बोट ठेवत नाय."

तिनं मोडली. दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. आता हसत नव्हती.

"मोडलेली असली की हवा मागनंच जाते. तरी तोंडासमोर मान न्यायची नाय. डोळा तर कधीच नाय."

माझ्या पिशवीत पितळेची सळई असते. नळीत सैल जाईल एवढी, टोक बोथट. सायकलची तार नाय, खिळा नाय, त्यानं नळी आतनं खरवडते नि पुढचा छर्रा आनखीन अडकतो. शिवनयंत्राच्या तेलाचे दोन थेंब नळीत सोडले. थांबले.

"आज्जी, किती वेळ?" तो बंदूकवाला पोरगा म्हनाला. "माझे तीन बाकी आहेत."

"तुझे दोन डोळे पन बाकी आहेत. थांब."

मग बाजूला उभी राहून तोंडाकडनं सळई आत सारली. छर्‍याला लागली की हाताला कळतं, मऊ पन हटत नाय असं. तळहात सळईच्या मागं ठेवायचा नाय, बोटांनी कडेनं धरायची. ठोकायचं नाय, हातोडी नाय, दगड नाय. दाबायचं, थांबायचं, परत दाबायचं. शिसं हट्टी असतं, पन मऊ असतं. तिसऱ्या दाबाला सरकला, आनि मागनं सारिकाच्या पायाशी टपकन पडला. मी काठीला चिंधी बांधून नळीतलं तेल पुसलं, मग मागच्या बाजूनं पांढऱ्या पडद्याकडं धरून तिला बघायला लावलं. गोल उजेड दिसला. पुढनं बघायचं नाय, मागनंच, नि मोडलेलीच असताना.

"आता ही तानलेली हाय. रिकामी सोडलीस तर स्प्रिंग खराब होते. डबीतला नको. त्या बंद पाकिटातला नवा घाल, मिट, नि वाळूच्या गोनीत मार."

तिनं मारला. ठप्प झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी खाली वाकून तो अडकलेला छर्रा उचलला. एका बाजूला पकडीचे दात उठलेले. मी तो दिनेशला दाखवला. तो हातात फुगा धरून हसला. "बरं झालं तू होतीस. नाहीतर बाबांसारखं झालं असतं. हिनं तर घेतलीपण नाही."

"तुझ्या बापानं पन घेतली नव्हती."

"आई, आता नको सुरू करूस."

"घेतली नव्हती. एकादशी होती. बाळूनं डोळ्यावर ओतली, तीच सगळ्यांच्या नाकाला लागली. आनि अडकला तो छर्रा माझ्या दातातला. त्यानं नको म्हटलेलं, मी लपवून डबीत घातलेला. दवाखान्यात मला दाखवला, माझ्या सुळ्याची खाच होती त्याच्यावर. मी तो संडासात टाकला."

हे सगळं मी उभ्यानं बोलले, गिऱ्हाइकांसमोर. कोरडं बोलले. रडून सांगितलं असतं तर परत बिचारी झाले असते, नि मला आता त्या शब्दाचीच शिसारी आली हाय.

दिनेशच्या हातातला फुगा हवा सोडत सोडत लहान झाला. त्याला कळलं नाय.

"बाबा मला सांगायचे," तो म्हनाला. "मी म्हणायचो, गप्प बसा."

"हो."

"आणि तू तिथंच असायचीस."

"हो."

"चहा घेऊन."

सारिकानं डबी उचलली, नवे-जुने सगळे छर्रे खाली कचऱ्याच्या बादलीत ओतले, नि नवं पाकीट फोडलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाय.

दिनेश पुढच्या फळीखालनं बाहेर गेला. मला वाटलं घरी चालला. पन तो बाळूच्या पाळन्यापाशी थांबला. बाळू आता म्हातारा, पाळना त्याची पोरं फिरवतात, तो खुर्चीत बसून तिकिटं फाडतो. आवाज ऐकू येत होता.

"काका, बाबांनी त्या दिवशी घेतली नव्हती. तुम्ही ओतलीत."

"अरे, मी औषध म्हनून ओतली."

"तेच सांगा. लोकांना तेच सांगा. तुम्ही हसायचात."

बाळू कायतरी पुटपुटला. दिनेश पुढं गेला. बांगडीवालीकडं, मग भजीवाल्याकडं, मग सुकेळीवाल्या बायकांच्या रांगेत. प्रत्येकीपुढं उभा राहून बोलत होता. बाप सोडवत होता. त्यात माझं नाव येत होतं, कारन त्याशिवाय बाप सुटत नव्हता. त्यानं मला वाचवलं नाय, वाचवू पन नये. बायका मान वर करून आमच्या स्टॉलकडं बघायच्या. एकीनं तोंडाला पदर लावला.

मी स्टुलावर बसले नाय. सारिकाला दोरे बांधायला मागं बसवली नि मी पुढच्या फळीशी उभी राहिले. गुडघे दुखत होते. दुखू दे.

अर्ध्या तासानं दोघी आल्या, चांगल्या साड्यांतल्या, हातात सुकेळ्यांचं पुडकं. बंदूक खेळायला नव्हत्या आल्या. एक जरा मागं राहिली, दुसरी फळीपर्यंत आली नि माझ्या तोंडाकडं निरखून बघत म्हनाली, "तुम्हीच का त्या? नवऱ्याचा डोळा..."

"मीच," मी म्हटलं. "पाच छर्रे देऊ की दहा?"